आजागबे ओ देतो

१

इबिदुनच्या घरी कोंबडा पाळायची गरज नव्हती. उजाडलं की तीच कमरेचं वस्त्र घट्ट खोचून अंगणाच्या मधोमध उभी राहायची आणि घरातल्या प्रत्येकाची बिरुदावली म्हणायची. आधी आईची, मग धाकट्या भावाची. हे काही तिचं एकटीचं खूळ नव्हतं. अबेओकुटा शहरातल्या जुन्या घरांत माणसाला असंच उठवतात. जन्मताच मुलाला एक मानाचं नाव मिळतं. ते शाळेच्या पटावर लागत नाही आणि बाजारात चालत नाही. फक्त आपली माणसं सकाळी ते घेतात, त्याला बापजाद्यांची शेपटी लावतात, आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप ताठ होते. इबिदुनचा गळा असा की लग्नाला, बारशाला लोक तिला मुद्दाम बोलावून नेत. एरवी ती कापडं रंगवायची. कोंबडीच्या पिसाने कसाव्याच्या कंदाच्या खळीची नक्षी काढायची आणि कापड निळीच्या रांजणात बुडवायचं, यात तिची अठरा वर्षं गेली होती.

त्या सकाळी तिच्या आवाजात जरा जास्तच जोर होता. चार महिन्यांनी भाऊ सिजुवादे घरी आला होता, बरा होऊन. त्याचं मानाचं नाव आजागबे.

"आजागबे,
ज्याला कडेवर घ्यायला सारे भांडले तो,
शिकाऱ्याचा नातू, पायवाट ज्याला विचारून वळते,
पडला तर माती म्हणते, माझा,
हसला तर शेजारी चूल विसरतो."

पूर्वी पहिल्या ओळीलाच चटईवरून उत्तर यायचं. "ओ, अजून बोल ताई, पोट नाही भरलं." वेडाच्या भरातसुद्धा यायचं. आज सिजुवादे तिच्या आधीच उठला होता आणि अंगण झाडत होता. तो थांबला, झाडू पाठीमागे धरला आणि अदबीने म्हणाला, "मला काही म्हणालीस का, ताई?"

"तुलाच उठवत होते. उठलास तर बरंच झालं."

तो पुन्हा झाडायला लागला. आणि मग ओ आली.

घराच्या मागून आली, न्हाणीच्या भिंतीपलीकडून, उतारावरून खाली जिथे ओगुन नदी वाहते तिकडून. खोल विहिरीत दगड टाकला की आवाज यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या उशिराने. आवाज बारीक होता, पण पुरुषाचा होता आणि उठता उठता दिल्यासारखा होता.

धोबी असेल, इबिदुन मनाशी म्हणाली. पलीकडच्या काठावरच्या कुणाला तरी ओ देत असेल. नदीकाठी माणसं काय थोडी असतात.

दारात बसलेली आई म्हणाली, "मला काही ऐकू आलं नाही."

तिला कुणी विचारलं नव्हतं.

२

सिजुवादे वेडा झाला होता यात शंका नव्हती. वडील गेले आणि तो अकरा दिवस झोपला नाही. रांजणातल्या निळीत त्याला वडिलांचा चेहरा दिसायचा, म्हणून तो निळीचं पाणी प्यायचा. दवाखान्याच्या गोळ्या त्याने जिभेखाली धरल्या आणि बाहेर जाऊन थुंकल्या. आईच्या डोक्यावर त्याने भरली बादली ओतली. हे सगळं खरं. पण तो रोज उठून लामिदीकाकाच्या फाटकापाशी जायचा आणि गाण्यात विचारायचा की माझ्या बापाच्या रस्त्यालगतच्या जागेला तू भिंत का घातलीस, तेही लोकांनी वेडातच धरलं. वेडाचा एक फायदा असतो, शेजाऱ्यांना नको असलेलं सगळं त्याच पोत्यात कोंबता येतं.

शेवटी त्याला नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावात, वेड उतरवणाऱ्या बाबांकडे नेलं. बाबांच्या आवारात त्याचा उजवा पाय ओंडक्याच्या भोकात अडकवून ठेवला होता. पहिले दोन महिने. घोट्याभोवती कातडी सोलून कडं पडलं होतं. इबिदुन दर आठवड्याला जाऊन त्यावर पामतेल लावायची आणि रडायची. बाबा मुळीची पूड पाजत. हळूहळू तो झोपायला लागला, मग जेवायला लागला, मग ओंडका सुटला.

चौथ्या महिन्यात बाबांनी निरोप पाठवला, घेऊन जा. घेऊन जायची रीत ठरलेली. नदीत उभं करून डोकं भादरायचं, डोक्यावर कबुतराचं रक्त सोडायचं, आणि वेडात अंगावर होता तो कपडा प्रवाहात टाकून द्यायचा. जे काही लागलं असेल ते त्या कपड्याबरोबर वाहून जातं. माणसाने नवे कपडे घालायचे आणि पाठ फिरवून चालू लागायचं.

"कपड्याशी कुणी बोलायचं नाही," बाबांनी बजावलं होतं. ते काही फार बोलणारे गृहस्थ नव्हते.

सिजुवादेच्या अंगावर इबिदुननेच रंगवलेला झगा होता, विंचवांच्या नक्षीचा. छातीवरच्या एका विंचवाला नांगी नव्हती, कारण काढताना पीस मोडलं होतं. बाबांनी तो झगा पाण्यावर सोडला. तो बुडेल असं इबिदुनला वाटलं. बुडाला नाही. आत हवा भरली, छाती फुगली, दोन्ही बाह्या पसरल्या, आणि तो उभ्याने वाहायला लागला. घरातून कुणी निरोपही न देता हाकलून दिलेलं माणूस असंच जात असेल.

इथे चूक झाली. इबिदुनने ती ठरवून केली नाही, तिच्या तोंडाने केली. गेली कित्येक वर्षं कुणीही पाठ फिरवून दूर जायला निघालं, नवरी असो की परदेशी निघालेला मुलगा, की हिने बिरुदावली सुरू करायची आणि माणूस दिसेनासं होईपर्यंत थांबायचं नाही, हेच ते तोंड शिकलं होतं. झगा वळणावर नाहीसा होईपर्यंत ती म्हणत होती. आजागबे, ज्याला कडेवर घ्यायला सारे भांडले तो. चारही ओळी, आणि पुढे तीन पिढ्यांची नावं.

बाबा वस्तरा पुसत होते. त्यांचा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"सवय हो, बाबा. तोंडातून गेलं."

"किती गेलं?"

"सगळंच."

बाबांनी सिजुवादेकडे पाहिलं. तो नव्या पांढऱ्या कपड्यांत, ओल्या डोक्याने, स्वतःच्या पायांकडे बघत उभा होता. बसची वाट बघणारा माणूस उभा राहतो तसा.

"याने ओ दिली?"

"नाही."

"मग दिली कुणी?" बाबांनी विचारलं.

इबिदुनला पाण्याच्या आवाजात काहीच ऐकू आलं नव्हतं. तसं ती सांगणार, तोवर बाबा वाट चढायला लागले होते. त्यांच्या मानाची कोंबडी टोपलीत तशीच राहिली. ती कोंबडी घरी परत आणताना तिला कसंसंच झालं. मान नाकारणारा वैद्य तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

३

घरी आलेला सिजुवादे गुणी होता. पाणी भरायचा, ताट धुवायचा, मोठं माणूस दिसलं की जमिनीवर पालथा पडून नमस्कार करायचा. पूर्वी भेंडीच्या बुळबुळीत कालवणाचं नाव काढलं तरी तो थाळी सरकवायचा. आता पुढ्यात येईल ते खायचा आणि "छान झालंय" म्हणायचा. शेजारणी आईचे हात हातात घेऊन म्हणाल्या, देवाने डोळे उघडले.

लामिदीकाका यामचे सहा कंद आणि जागेचा एक कागद घेऊन आला. सिजुवादे त्याच्या पायांशी पालथा पडला, "काका, माझं चुकलं" म्हणाला, आणि कागदावर दाखवलं तिथे सही केली.

"औषध असावं तर असं," काका म्हणाला.

"हो ना, काका," इबिदुन म्हणाली. "कुणाला लागू पडलं ते दिसतंच आहे."

काकाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आईने मात्र तिला नजरेने दटावलं.

मुळीच्या पुडीने माणूस सुस्तावतो, इबिदुन स्वतःला समजावायची. अंगातून उतरायला वेळ लागणारच. वडिलांच्या मैतात ती दोघं एका जाड्या पाहुण्याला हसून हसून बाहेर पळाली होती. तिने ती आठवण काढून पाहिली, तर हा हसला. पण ती हसल्यावर हसला आणि ती थांबल्यावर थांबला. आजागबे म्हटलं की तो मागे वळून बघायचा, दुसऱ्या कुणाला हाक मारली असेल अशा समजुतीने.

आणि रोज सकाळी ओ यायची. आधी नदीच्या खालच्या अंगाने, मग जरा अलीकडून. दुसऱ्या आठवड्यात तिला त्या आवाजातली घोगरी धार ओळखू आली. उठल्या उठल्या तिच्या भावाचा आवाज तसाच फाटायचा.

४

तिसऱ्या आठवड्यात ती कापडं विकायला नदीच्या खालच्या अंगाच्या बाजाराला गेली. भाड्याच्या मोटारसायकलवर दीड तासाचा रस्ता. दुपारपर्यंत विक्री बरी झाली. मग भूक लागली म्हणून ती काठावरच्या चवळीच्या भजीवालीपाशी आली, आणि तिला आपलं कापड दिसलं.

वाळूवर एक माणूस नदीकडे तोंड करून बसला होता. अंगात विंचवांचा झगा, पाठीवर चिखल सुकलेला. डोकं भादरलेलं, त्यावर नुकते खुंट आलेले.

कुणीतरी झगा पाण्यातून काढून घेतला, इबिदुनने मनाशी ठरवलं. उघडं माणूस, आयता कपडा. यात काय आहे.

भजीवालीने तिची नजर पाहिली. "कापड आवडलं वाटतं? बरोबर माणूसही घेऊन जा. फुकट आहे."

"कोण आहे?"

"वेडा आहे, दुसरं कोण. महिना होत आला, नदीतून निघाला म्हणतात. उजाडलं की ओ देतो. हाक मारत नाही हो कुणी, तरी देतो. मग उठतो आणि थोडा वर सरकतो. आधी पार त्या खालच्या वाकणावर होता. मासेवाल्यांनी गरम पाणी टाकलं अंगावर, तर थोडा लांबून चालला इतकंच. सासुरवाडीला निघाला असेल."

इबिदुन हसली नाही. ती चार पावलं पुढे गेली. त्या माणसाचा उजवा पाय वाळूवर पसरलेला होता. घोट्याभोवती कडं होतं, ओलं, लाल, आणि त्यावर माशा.

पुढून जाऊन चेहरा बघायचा, एवढंच काम होतं. दहा पावलं. ती गेली नाही. चेहरा वेगळा निघाला तर ठीक, पण नाही निघाला तर घरी गेल्यावर दुसऱ्या चेहऱ्यासमोर जेवायला कशी बसणार होती ती? तिने पानावर चार भजी घेतली, त्याच्या पाठीमागे वाळूवर ठेवली आणि निघाली.

मागे तो हसला. मान न वळवता, पोटातून, मोकळा.

भजीवालीचा झारा हातातच राहिला. ती त्या हसण्याकडे बघत बसली, आणि कढईतली सगळी भजी काळीठिक्कर झाली.

५

घरी आल्या आल्या इबिदुन भावाला म्हणाली, "पाय बघू तुझे."

"का गं ताई?"

"काटा बोचला म्हणत होतास ना."

तो असं काही म्हणाला नव्हता. तरी मुकाट्याने स्टुलावर बसला आणि दोन्ही पाय पुढे केले. उजवा घोटा साफ होता. डावाही साफ होता. चालायला न लागलेल्या बाळाच्या टाचा असतात तसे मऊ तळवे होते. ज्या जखमेत तिने स्वतःच्या बोटाने तेल भरलं होतं, तिचा तिथे ओरखडाही नव्हता.

"दुखतं का काही?"

"काय दुखणार, ताई?" तो म्हणाला, आणि पाय आवरून भांडी घासायला गेला.

पामतेलाने जखमा भरतात. भरतात हे खरं. इबिदुनने हे तीनदा म्हणून पाहिलं आणि चौथ्यांदा म्हणायला जीभ वळेना. ती आईच्या खोलीत गेली आणि बाजारात पाहिलं ते सगळं सांगितलं. आई वाटाण्याएवढे खडे निवडत गारी, कसाव्याचा भरड रवा, चाळत होती. तिने चाळणी खाली ठेवली नाही.

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या सकाळपासून. नऊ महिने पोटात वागवलाय. ओ कुठून येते ते मला कळणार नाही?"

"मग बोलली नाहीस कशी?"

"काय बोलू? त्याला आण म्हणू? पुन्हा ते गाणं, ते फाटक, शेजाऱ्यांचे शिव्याशाप? माझ्या डोक्यावर बादली ओतली तेव्हा तू बाजारात होतीस. मी तशीच भिजून संध्याकाळपर्यंत बसले, कारण हलले असते तर त्याने दुसरी ओतली असती. हा ताट धुतो, इबिदुन. मी म्हातारी झालेय. मला धुतलेलं ताट हवं आहे."

"आणि तो? तो तिकडे माशा मारत बसलाय."

"तो येतोय, कारण तू बोलावतेस. रोज गळा काढून बोलावतेस." आई पहिल्यांदा वर बघून बोलली. "उद्यापासून त्याचं नाव घेऊ नकोस. आपोआप थांबेल."

इबिदुनला आईचा राग आला. पण त्या रागाच्या तळाशी जे होतं ते तिला लख्ख दिसत होतं. गेले तीन आठवडे तीही गाढ झोपत होती. रांजण फुटत नव्हते, ठरलेली कापडं वेळेवर जात होती, आणि बाजारात कुणी तिला वेड्याची बहीण म्हणत नव्हतं.

तरीही पुढचे आठ दिवस तिने रोज सकाळी सगळ्या ओळी म्हटल्या. हळू म्हटल्या, अर्ध्या आवाजात म्हटल्या, पण म्हटल्या. ओ होडीच्या धक्क्यावरून आली, मग कसाव्याच्या गिरणीपासून, मग शेजारच्या भिंतीमागून.

६

नवव्या दिवशी तिने मागच्या दाराकडे पाहिलं आणि तिला कळलं की आता ओ देण्यासाठीही अंतर उरलेलं नाही.

दार आतून नुसतं लोटलेलं होतं, कडी घातलेली नव्हती. दाराच्या आणि उंबऱ्याच्या मध्ये चार बोटांची फट होती. त्या फटीत दोन ओले पाय होते. नदी इतकी खाली, ऊन वर आलेलं, तरी त्या पायांवरून पाणी निथळतच होतं आणि एक बारीक ओघळ आत येत होता. उजव्या घोट्याचं कडं तिला स्पष्ट दिसलं.

इबिदुन अंगणाच्या मधोमध उभी राहिली. तिने आईची बिरुदावली म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही नाव न गाळता. आई खाली मान घालून ऐकत होती. ती संपली. आता पुढची पाळी भावाची.

ती गप्प राहिली.

सिजुवादे झाडत होता. झाडूचा आवाज तेवढा येत होता. दारापलीकडे कुणीतरी वाट बघत होतं, आणि त्या वाट बघण्यात राग नव्हता, नुसती खात्री होती. आत्ता म्हणेल. खळ उतू गेली असेल, म्हणून थांबली असेल. आत्ता म्हणेल.

मग पलीकडून आवाज आला. ओ नव्हती. जेवण वाढताना आपल्याला विसरलेल्या आईला एखादं मूल ताटलीचा आवाज करून आठवण करून देतं, तसा तो आवाज घाबरत घाबरत स्वतःच सुरू झाला.

"आजागबे... ज्याला कडेवर घ्यायला..."

आणि थांबला. पुढचे तीन शब्द तिचे होते. ते तीन शब्द म्हटले की दार ढकललं जाणार, आणि आत येणार तिचा भाऊ, सगळाच्या सगळा, गाण्यासकट, बादल्यांसकट, वडिलांच्या जागेसकट, चूल विसरायला लावणाऱ्या त्या हसण्यासकट. तिच्या छातीत ते शब्द येऊन उभे राहिले. तिने तोंड उघडलंसुद्धा.

आई तिच्याकडे बघत होती. आईच्या मांडीवर रिकामं, स्वच्छ ताट होतं.

"ज्याला कडेवर घ्यायला..." पलीकडून पुन्हा आलं, आता जरा हळू.

झाडत झाडत सिजुवादे दारापाशी पोचला होता. त्याने मान वर केली. "ताई, बाहेर कोण आहे?"

इबिदुन चालत दारापर्यंत गेली. फटीतल्या पायांकडे तिने बघितलं नाही.

"कुणी नाही," ती म्हणाली. "वेडा आहे कुणीतरी." आणि तिने कडी घातली.

"बरं," तो म्हणाला, आणि दाराखालून आत आलेलं पाणी त्याने झाडूने बाहेर लोटलं.